चाळिशीनंतर गाणं शिकताना: पहिल्या 'सा'पासून पहिल्या बैठकीपर्यंत

मी सरांच्या गाण्याच्या क्लासला पहिल्यांदा गेले तेव्हा माझं वय 43 होतं. किराणा दुकानाच्या वरची खोली, जिन्यात लहान मुलांच्या चपलांचा ढीग, आत सतरंजीवर बसलेली आठ-दहा वर्षांची पोरं आणि त्यांच्यामागे मी. सरांनी त्या दिवशी राग-बिग काही सांगितलं नाही. त्यांनी तानपुऱ्याच्या खुंट्या पिळल्या आणि मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, एका तारेखाली, सुती दोऱ्याचा बारीकसा तुकडा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसले. तोवर ती तार नुसती टणटण वाजत होती. दोरा एका जागी आला आणि तीच तार एकदम उमलली, खोलीभर गुंजायला लागली. सरांनी विचारलं, "फरक कळला?" सगळ्यांच्या आधी मी मान हलवली. आयुष्यभर गाणं ऐकत आले होते, पण जवारी लागते म्हणजे काय होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना मनातून गाणं शिकायचंय, पण 'आता या वयात कुठे' म्हणून राहून गेलंय. मी शास्त्रीय गायनाबद्दल लिहिते आहे, कारण मला तेच ठाऊक आहे. पेटी किंवा तबला शिकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. चार लोकांपुढे गाणं हा शिकण्याचाच भाग आहे. 'आधी नीट येऊ दे, मग गाईन' असं म्हणत थांबू नका. वर्गात जे वर्षभर कळत नाही, ते सतरंजीवर बसलेल्या वीस माणसांपुढे सहा मिनिटांत कळतं.

आधी क्लासची गुरुपौर्णिमा ऐकून या

शिक्षक शोधताना बहुतेक जण फी, वेळ आणि घरापासूनचं अंतर विचारतात. ते विचाराच, पण त्याआधी त्या क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम ऐकायला जा. आषाढी पौर्णिमेच्या आसपास आणि पुढचा महिनाभर गावोगावी असे कार्यक्रम होतात. शाळेचा हॉल असतो, बहुतेक ठिकाणी प्रवेशाला पैसे नसतात आणि मागे बसलेल्याला कोणी हटकत नाही.

तिथे दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे विद्यार्थी आपापल्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला सोसेल अशा उंचीच्या 'सा'वरून, गातायत का. सगळी मुलं-मुली, मोठी माणसं एकाच पट्टीत गात असतील तर ती सोय शिक्षकाची आहे, गळ्याची नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची. एखादा विद्यार्थी चुकला, अंतरा विसरला, तर शिक्षक काय करतात? कपाळाला आठ्या घालतात, की हळूच मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, गुणगुणून त्याला परत रस्त्यावर आणतात? तुम्हीही कधीतरी चुकणार आहात. तेव्हा तिथे कोण बसलेलं असेल ते आजच पाहून घ्या.

मी आधी एका दुसऱ्या ठिकाणी तीन महिने गेले होते. तिथे तयार ट्रॅकवर दर महिन्याला एक गाणं बसवून देत. तीन महिन्यांत तीन गाणी बसली. घरी एकदा वीज गेली, ट्रॅक बंद झाला आणि मला पहिली ओळही सुरात उचलता येईना. माझा सूर कुठला हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून नवख्या माणसाला माझा सल्ला: पहिलं वर्षभर गाणी बसवून देणाऱ्यांपेक्षा स्वर आणि ताल शिकवणारे शिक्षक धरा. गाणी मागाहून आपोआप येतात.

गावात शिक्षक नसतील किंवा तुम्ही परदेशात असाल तर ऑनलाइन शिकता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे शिक्षकांच्या ठेक्यावर किंवा त्यांच्याबरोबर एकत्र गाता येत नाही. तानपुरा आणि तबला तुमच्या बाजूला लावा; शिक्षक गातील, थांबतील, मग तुम्ही गा.

आज आपण संध्याकाळी सहाच्या बॅचला जाऊन फी भरून गाणं शिकतो हे आपल्याला अगदी साधं वाटतं. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं तर बहुतेकदा गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची, वर्षानुवर्षं वाट पाहायची. नोकरी-संसार सांभाळून चाळिशीत वही घेऊन बसणारी माझ्यासारखी बाई त्या रीतीत बसलीच नसती.

तुमची पट्टी ठरवा

पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आपल्याकडे गळ्याची पट्टी सांगतात. पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोन या भागात गातात, बायका साधारण पांढरी चार ते काळी पाच. हा ढोबळ अंदाज झाला. खरी कसोटी अशी: मधल्या 'सा'वरून खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत, आवाज विरून न जाता पोचला पाहिजे आणि वर तार 'सा', म्हणजे वरच्या सप्तकातला 'सा', जमल्यास तार 'ग', मानेच्या शिरा न ताणता लागला पाहिजे. दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या पट्ट्या शिक्षकांसमोर गाऊन पाहा. रेडिओवर ऐकलेल्या गायिकेची पट्टी काळी पाच होती म्हणून आपलीही तीच, असं करू नका. घसा दुखला तर पट्टी चुकली आहे किंवा आवाज लावण्याची पद्धत चुकली आहे. दुखणं म्हणजे मेहनत असा समज सोडून द्या.

काय विकत घ्यायचं

सुरुवातीला फार थोडं. फोनमधलं तानपुऱ्याचं ॲप, त्याला जोडायला एक बऱ्यापैकी स्पीकर आणि एक वही. खरा तानपुरा हौसेने घ्यायचा असेल तर दोन-तीन वर्षं थांबा आणि मग मिरजेला जा. सतार आणि तानपुरे बनवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिथे झाल्या. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा कसा निवडतात, तार कशी चढवतात हे बघण्यासाठी एक दिवस काढाच.

पेटीबद्दल सांभाळून. घरोघरी पेटी असते आणि तिच्यावर बोट ठेवून गाण्याचा मोह होतो. पण पेटीचा प्रत्येक सूर सुटा आणि ठरलेला असतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, दोन पट्ट्यांमधल्या जागा तिच्यात नसतात. याच तक्रारीवरून 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली आणि ती सैल व्हायला 1971 साल उजाडलं. मी पेटीच्या विरोधात मुळीच नाही, साथीला ती हवीच. पण रियाज तानपुऱ्यावर करा. तानपुरा तुम्हाला नुसता 'सा' आणि 'प' देतो, बाकीचे सूर तुमचे तुम्हाला शोधावे लागतात. कान तयार होतो तो त्या शोधण्यातून.

रोजची पंचवीस मिनिटं

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटं बसा. माझा क्रम सांगते, तुमच्या शिक्षकांचा वेगळा असेल तर त्यांचा पाळा.

पहिली सात-आठ मिनिटं फक्त 'सा'. श्वास पोटापर्यंत घ्यायचा, आवाज मोकळा सोडायचा, तानपुऱ्यात मिसळून जाईपर्यंत धरायचा. सूर नेमका लागला की आपला आवाज आपल्यालाच वेगळा ऐकू येईनासा होतो. तो क्षण पहिल्या महिन्यात दोनदा आला तरी पुष्कळ. मग हळूहळू खाली उतरत खर्जाचे सूर, जेवढे सहज लागतील तेवढे. पुढची दहा मिनिटं अलंकार: सारेग, रेगम, गमप असे पलटे, आधी अगदी सावकाश, नंतर दुप्पट. उरलेल्या वेळात वर्गात झालेलं.

पहिला राग बहुधा भूप मिळेल. सा, रे, ग, प, ध असे पाचच सूर, सगळे शुद्ध, मध्यम आणि निषाद नाहीत. ऐकायला सोपा. पण गाताना गंधार जरा उतरला तरी लगेच उघडं पडतं, कारण तो वादी स्वर आहे, राग त्याच्यावरच उभा असतो. मी भूपात पाच महिने होते. माझ्या पुढे बसणारा नऊ वर्षांचा मुलगा तेवढ्यात दुर्गा आणि काफी शिकून मोकळा झाला. त्याचं मला कौतुकच वाटायचं. लहान मुलांचा गळा पटकन वळतो. आपल्याकडे तीस-चाळीस वर्षांचं ऐकलेलं साठलेलं असतं, त्यामुळे तोच गंधार लागला की आपल्याला जास्त काही आठवतं.

आता एक महत्त्वाची सूचना. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात तुम्हाला वाटेल की आपण बिघडत चाललोय. आधी बरं गात होतो, आता प्रत्येक सूर कणसूर वाटतोय. पुष्कळ जण याच महिन्यात क्लास सोडतात. सोडू नका. गळा तोच आहे, कान पुढे गेलाय. आधीही सूर हलतच होता, तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला हे सरांनी सांगितलं नसतं तर मीही सोडला असता. त्या दिवसांत त्यांनी मला फोनवर स्वतःचा आवाज रोज एक मिनिट रेकॉर्ड करायला लावला आणि महिनाभर तो ऐकू दिला नाही. महिन्याने पहिला आणि तिसावा एकापाठोपाठ लावला. वेगळं काही बोलावं लागलं नाही.

ताल हातात आला पाहिजे

सुराच्या नादात मोठी माणसं तालाकडे दुर्लक्ष करतात आणि मग पहिल्या कार्यक्रमात तबल्यापुढे गडबडतात. तीनतालापासून सुरुवात करा. सोळा मात्रा, म्हणजे सारख्या अंतराचे ठोके, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. हाताने टाळी-खाली देत तोंडाने 'धा धिं धिं धा' म्हणायचं. ते जमलं की टाळी चालू ठेवून मधेच घरातल्या कोणाशी तरी बोलायचं. बोलतानाही टाळी बरोबर पडली तर ताल हातात आला म्हणायचा. मी लोकलमध्ये मांडीवर बोटांनी मात्रा मोजत महिनाभर हेच केलं.

पुष्कळशा बंदिशी, म्हणजे तालात बांधलेल्या रचना, नवव्या मात्रेवरून उठतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकतात. हे कळल्यावर ऐकणंच पालटलं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात 1953 मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी लग्नाआधीपासून जाते. मंडपातल्या हजारो माना एकदम हलतात, ती जागा मला नेहमी कोणाच्या तरी मागून कळायची. शिकायला लागल्यानंतरच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा मनात मात्रा मोजत समेची वाट पाहिली, गायक ती लांबवत लांबवत घेऊन आला आणि माझी मान इतरांबरोबर हलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिकण्याचं फळ काय असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते. स्वतःचं गाणं कितीही साधं राहिलं, तरी दुसऱ्याचं गाणं ऐकण्याचं दार उघडतं.

आता लोकांपुढे

सहा-आठ महिने झाले की तयारीला लागा. एकदम एकट्याने बसायची भीती वाटत असेल तर जवळच्या भजनी मंडळात जा. नामगजर, रूपाचा (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा) अभंग, मग बाकीचे अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी असा त्यांचा बांधलेला क्रम असतो. बुवा ओळ म्हणतात, बाकीचे मागून धरतात. त्या मागून धरण्यात तुमचा आवाज झाकलाही जातो आणि घडतोही. टाळ हातात आल्यावर लय तर अंगातच उतरते. गोव्यात असाल तर देवळातलं भजन सोडू नका. वास्कोला श्रावणात दामोदराचा सप्ताह असतो, पाळीपाळीने मंडळी येतात आणि चोवीस तास भजन थांबत नाही.

मग गुरुपौर्णिमा, सोसायटीचा गणपती, कोजागिरी. पहिल्यांदा सहा-सात मिनिटं पुरे. त्यात काय काय बसवायचं ते ठरवून टाका: मिनिट-दीड मिनिट आलाप, अस्थायी (बंदिशीचा पहिला भाग), अंतरा, पुन्हा अस्थायीवर येऊन चार-पाच छोट्या ताना, शेवटी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. नवं काही घेऊ नका. जे झोपेतून उठवलं तरी येईल, तेच गा.

तबलजींना आठवडाभर आधी तुमची पट्टी कळवा. काळी चारला लागणारा तबला आणि काळी एकला लागणारा तबला वेगवेगळ्या तोंडाचा असतो, आयत्या वेळी सांगितलं तर त्यांची पंचाईत होते. कार्यक्रमाआधी एकदा तरी त्यांच्याबरोबर बसा. लय बोटाने दाखवण्यापेक्षा बंदिशीची पहिली ओळ गाऊन दाखवा, त्यांना बरोबर कळते. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा, आणि ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला एवढंच सांगा की तानपुरा मला नीट ऐकू आला पाहिजे. श्रोत्यांना तुमचा आवाज कमी पडला तर ते पुढे सरकतील; तुम्हाला तानपुरा ऐकू आला नाही तर सूरच जाईल. जेवण दोन तास आधी आणि हलकं. मांडी घालून बसताना गुडघे दुखत असतील तर संकोच न करता खुर्ची मागा. शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पुढ्यात ठेवा. ते बघावे लागत नाहीत, पण असल्याने जीव थाऱ्यावर राहतो.

एवढं सगळं करूनही चूक होईल. मी पहिल्या गुरुपौर्णिमेला अंतऱ्याची दुसरी ओळ साफ विसरले. कागद समोर होता, पण डोळ्यांना अक्षरं दिसेनात. तबल्यावरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि ठेका जराही न हलवता तसाच चालू ठेवला. तालाचं एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, गेलं, दुसरं निम्मं गेलं, नववी मात्रा आली आणि सरांनी कोपऱ्यातून मुखडा धरला. मी तो उचलला आणि समेवर आले. खाली उतरल्यावर पुढे बसणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलाने मला सांगितलं, "काकू, तुम्ही थांबला होतात ना, तेव्हा मी तुमच्यासाठी टाळी देत होतो."

यातून घेण्यासारखं हेच: चुकलात तर माफी मागू नका, मागे जाऊन दुरुस्त करू नका, हसून वेळ मारून नेऊ नका. ठेका ऐका, नवव्या मात्रेची वाट पाहा, मुखडा धरा. हे वर्गात शिकवून येत नाही. तबला चालू आहे, माणसं बसली आहेत आणि पुढची सम आपलीच आहे, हे तिथे बसल्यावरच अंगात मुरतं.

दुसरा कार्यक्रम आमच्याच इमारतीत झाला, कोजागिरीला गच्चीवर. तळमजल्यावरच्या आजींना जिना चढवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन तोच भूप पुन्हा गायले. श्रोत्या दोनच, आजी आणि त्यांची मुलगी. आजी पडून होत्या, डोळे मिटलेले. मध्येच बघितलं तर पांघरुणावर त्यांची बोटं टाळी-खाली देत होती, अगदी बरोबर. लग्नाआधी त्या चार वर्षं शिकल्या होत्या, हे शेजारी राहून अठरा वर्षांत मला माहीत नव्हतं. आता मी महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे बसते आणि माझा धैवत कुठे उतरतो ते त्या मला सांगतात.

परीक्षा द्याव्यात का

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिकेपासून विशारद, अलंकारापर्यंत परीक्षा आहेत. मोठ्या माणसांना त्यांचा फायदा इतकाच की अभ्यासाला तारीख मिळते. ज्यांना तारखेशिवाय काम होत नाही त्यांनी जरूर द्याव्यात. पण परीक्षेच्या घाईत सहा राग वरवर करण्यापेक्षा एक राग नीट गाणं मला जास्त मोलाचं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, शिक्षकांशी बोला.

कार्यक्रमानंतर

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. आठ दिवस जाऊ द्या. मग एकट्याने, कान देऊन, एकदाच ऐका आणि वहीत तीन ओळी लिहा: लय कशी होती, सूर कुठे हलला, आणि गाताना न कळलेली एखादी गोष्ट. ती वही पुढच्या तासाला शिक्षकांना दाखवा, पुढच्या दोन महिन्यांचा रियाज त्यातूनच निघतो.

कोजागिरीच्या माझ्या तीन ओळी अशा होत्या. अंतऱ्यात लय वाढली. तारसप्तकातून उतरताना धैवत खाली आला. तिसऱ्या आवर्तनात सम आल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच 'अहा' म्हणालं, गाताना ऐकू आलं नव्हतं.